अनसाबाईंची हरकत

दौंडला वकिलांचा तोटा नाही. मारामारीचे खटले चालवणारे आहेत, एकाच बांधाच्या भांडणात आजोबापासून नातवापर्यंत सगळ्यांची वकिली केलेले आहेत, नुसता काळा कोट घालून चहाच्या टपरीवर उभे राहणारेही आहेत. पण घर विकायचं निघालं, त्यातही भाडेकरू बसलेलं घर विकायचं निघालं, की माणूस इकडंतिकडं न बघता इवा उजागरेंच्या दारात येतो. कोर्टामागच्या गल्लीत त्यांची दहा बाय दहाची खोली आहे. तीत एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, फायलींनी पोट फुगलेलं लोखंडी कपाट आणि इवाबाई, एवढंच मावतं. पाचवा माणूस आला तर त्याला दारात उभं राहून आपलं गाऱ्हाणं सांगावं लागतं, आणि मग ते गल्लीलाही कळतं.

बाईंचं वय पंचावन्न, उंची बेताची, आवाज खणखणीत. माहेर आणि सासर दोन्ही केडगावचं. वडील दौंडच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. शाळेला सुट्टी लागली की छोटी इवा त्यांच्याबरोबर रेल्वेनं यायची आणि त्यांनी टाइप केलेले कागद वाचत बसायची. बाकीच्या मुली परीच्या गोष्टी वाचत होत्या तेव्हा ही 'पूर्वेस रस्ता, पश्चिमेस विहीर, दक्षिणेस सामाईक भिंत' वाचत होती. घराला गोष्ट असते हे तिला तिथंच कळलं, असं त्या आता म्हणतात. खरं म्हणजे त्या सामाईक भिंतींवरून होणारी भांडणं ऐकायला तिला फार मजा यायची, पण हे वकिलानं उघड बोलायचं नसतं.

त्यांचा नवरा जॉर्ज शाळामास्तर होता, आता निवृत्त. तो घरी गुलाब लावतो, रविवारी चर्चमध्ये गातो आणि रोज संध्याकाळी बायको दारात आली की विचारतो, "आज कुणाचं घर मोडलंस?"

"मोडलं नाही. विकून दिलं."

"तेच ते."

तेच ते नाही, हे जॉर्जलाही माहीत आहे. इवाबाईंची कामाची एक रीत आहे. घरमालक समोर बसला की त्या तीन प्रश्न विचारतात. कागद कुणाच्या नावावर? ताबा कुणाकडं? आणि नाराज कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरकारी कचेरीत मिळतात. तिसऱ्याचं मिळत नाही, म्हणून त्यासाठी बाई स्वतः जातात. जे घर विकायचं त्या घरात जाऊन, तिथं जो कोणी राहत असेल त्याच्या हातचा चहा पितात. भाडेकरू असो, विधवा भावजय असो, रुसलेला भाऊ असो, आधी चहा आणि मग नोटीस. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ही रीत एकदाच मोडली आणि एकदाच तोंडघशी पडल्या. गोष्ट गेल्या मार्चमधली आहे.

फेब्रुवारीत एक दिवस न्हावऱ्याचे सोपानराव कोरेकर आले. वय चौऱ्याहत्तर, पांढरं धोतर, पायात बूट. सोपानराव रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. नोकरी केडगाव स्टेशनात झाली, तेव्हा त्यांनी स्टेशनामागं एक घर बांधलं. दोन खोल्या, पडवी, मागं परसात सीताफळाचं झाड. नंतर ते न्हावऱ्याला शेतावर राहायला गेले आणि घर भाड्यानं दिलं.

"वकीलबाई, ते घर इकायचं हाय," ते म्हणाले. "आमच्या मंडळीचं गुडघं गेल्यात. वस्तीवरनं डांबरीपत्तुर चालत यायचं तर तिच्या डोळ्यात पानी येतंय. सविता, आमची लेक, शिरूरला दवाखान्यात नर्स हाय. तिच्याच बिल्डिंगीत तळमजल्याची जागा निघालीया. तिथं गेलो का म्हातारीला पायरी न्हाई, चिखुल न्हाई, आन् लेक दाराशी. पर जागावाला मार्च-अखेरीपत्तुर थांबतो म्हनतोय. एकतीस तारीख गेली का त्येच्याकडं दुसरं गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक सोपानरावांच्या घरालाही होतं. रॉनी आणि ब्लेसी नावाचं तरुण जोडपं, दोघंही केडगावच्याच शाळेत शिकवणारे. बँकेचं कर्ज मंजूर होत आलेलं. म्हणजे सगळं सुरळीत. इवाबाईंनी कागद मागितले, सोपानरावांनी पिशवीतून पंचायतीचा उतारा काढून दिला. बाईंनी चष्मा लावला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"मालक, सोपानराव. बरोबर. पण भोगवटादार म्हणून अनसाबाई, ह्या कोण?"

"भाडेकरू. सव्वीस वर्सं झाली."

"भाडेकरूचं नाव पंचायतीच्या उताऱ्यात कसं?"

"तिला गॅस घ्यायचा व्हता. राहन्याचा पुरावा मागत व्हते. म्या ग्रामसेवकाला म्हनलं, लिहा तिचं नाव, माझं काय जातंय?"

इवाबाईंनी कपाळाला हात लावला. "आप्पा, भाडेकराराचा कागद दाखवला असता तरी गॅस मिळाला असता."

"कागद कुठं व्हता? समदं तोंडीच. दिवाळीच्या पाडव्याला जायचं, बसायचं, वर्साचं भाडं घ्यायचं, यायचं. कवा वाढीव मागितलं न्हाई, तिनं कवा बुडवलं न्हाई."

बाईंना हे नवं नव्हतं. या भागात माणसं ऐन मोक्याला कागद करत नाहीत आणि नको तिथं मात्र उदार मनानं सही करतात. राहणाऱ्याचं नाव उताऱ्यात आलं म्हणून ती मालकीण होत नाही, हे कायद्याला कळतं. पण बँकेला भीती वाटते आणि खरेदीदाराला झोप लागत नाही. तेव्हा अनसाबाईंची लेखी संमती घ्यायला हवी होती. त्याआधी अर्थातच चहा.

"मी जाऊन येते त्यांच्याकडं," इवाबाई म्हणाल्या.

"तुम्ही कशापायी?" सोपानराव ताठ बसले. "मी सांगतो. सव्वीस वर्साचा घरोबा हाय. मानसानं मानसाला तोंडानं सांगावं बाई, वकील धाडू न्हाई."

हे वाक्य इवाबाईंना फार आवडलं आणि तिथंच त्या फसल्या. शिवाय मार्च तोंडावर आला होता. एक एप्रिलला सरकारी दर वाढतात, म्हणून मार्चमध्ये अख्ख्या तालुक्याला घरं विकायची आणि घ्यायची घाई सुटते. बाईंच्या दारात रांग होती. आठवड्यानं त्यांनी फोन केला, "आप्पा, सांगितलं का?"

"सांगितलं, सांगितलं," सोपानराव म्हणाले.

मग बाईंनी वर्तमानपत्रात नोटीस दिली. अशी नोटीस रोज छापून येते आणि तीत ज्याचं नाव आहे तो सोडून कोणी वाचत नाही. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेली मिळकत आमचे अशील विकत असून, त्यास कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांचे आत लेखी कळवावी.'

नवव्या दिवशी हरकत आली.

रेघांच्या वहीचं पान होतं, अक्षर टपोरं आणि एका सरळ ओळीत. खाली सही, अनसाबाई. तिची एक प्रत तिनं पंचायतीत दिली होती आणि एक, कोणी सांगितलं देव जाणे, बँकेतही नेऊन दिली होती. दुपारी रॉनीचा फोन आला की बँकेनं कर्ज थांबवलं. त्यापाठोपाठ न्हावऱ्याहून सोपानरावांच्या बायकोचा, कस्तुराबाईंचा फोन.

"वकीलबाई, मला खरं सांगा. एकतीस तारखेपत्तुर व्हनार का न्हाई? न्हाई म्हनत असाल तर मी त्या तळमजल्याचा नाद सोडते. मनात घर धरून बसायचं आन् मग सोडायचं, ते मला न्हाई जमायचं."

कोर्टात गेलं तर इवाबाई जिंकणार होत्या. पण कधी? पाच वर्षांनी, सात वर्षांनी. कस्तुराबाईंच्या गुडघ्यांना तारखा कळत नव्हत्या.

सोपानरावांना तातडीनं बोलावलं. ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी मांडीवर आली म्हणजे माणूस आता खरं बोलणार, हे बाईंना अनुभवानं ठाऊक होतं.

"आप्पा, तुम्ही अनसाबाईंना काय सांगितलंत?"

"काय न्हाई."

"म्हणजे गेलाच नाहीत?"

"गेलो ना! तीनदा गेलो!" सोपानराव कळवळून म्हणाले. "न्हावऱ्यास्नं यष्टीनं चौफुल्याला, तिथनं रिक्षानं. पयल्यांदा गेलो तर तिनं शेंगोळी केली व्हती. म्हनली, आप्पा, तुम्हाला आवडत्यात, बसा. आता ताटावर बसून कसं सांगायचं, का बाई घर खाली कर? दुसऱ्यांदा मनाशी ठरवूनच गेलो. तर ती चुन्याचा डबा घिऊन भिंतीला हात मारत व्हती. म्हनली, उन्हाळ्यात पोपडं येत्यात आप्पा, तुमचं घर खराब व्हतंय. माझी वाचाच बसली. तिसऱ्यांदा गेलो तर तिनं माझ्या मापाची बंडी शिवून ठिवली व्हती. हीच, अंगात हाय ती."

इवाबाईंनी बंडी पाहिली. टाका इतका नेटका होता की रागावणं अवघड झालं. पण रागावल्या. तोंडाला येईल ते बोलल्या. सोपानरावांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आता म्हातारीला काय सांगू?"

"सध्या काही सांगू नका. सांगण्यात तुमचा हात धरणार नाही कोणी!"

ते गेल्यावर बाईंनी हरकतीचा कागद पुन्हा वाचला. राग ओसरला की वकिलाला अक्षर नीट दिसतं. त्यात असं कुठंही लिहिलं नव्हतं की घर माझं आहे. पैशाची मागणी नव्हती, जागेची नव्हती. एकच वाक्य होतं. 'मी सदर घरात सव्वीस वर्षे राहते, मला विचारल्याशिवाय ते विकण्यास माझी हरकत आहे.'

विचारल्याशिवाय. बाईंनी त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली, कपाटाला कुलूप लावलं आणि स्कूटर काढली.

केडगावच्या त्या पडवीत शिलाई मशीन होतं आणि मशीनवर शाळेच्या गणवेशाचा निळा ढीग. अनसाबाई साठीच्या, सडसडीत, गळ्यात मापाची टेप. नवरा गेला तेव्हा दोन लहान मुली घेऊन त्या या घरात आल्या होत्या. इवाबाईंना पाहून त्यांनी मशीन थांबवलं नाही. चहा सोडा, पाणीसुद्धा विचारलं नाही. दारात आलेल्याला पाणी न विचारणं ही आपल्याकडं साधी गोष्ट नव्हे. इवाबाई बिनबोलावता पडवीच्या कठड्यावर टेकल्या.

"मी सोपानरावांची वकील. तुमची नव्हे, हे आधीच सांगते. तुम्हाला वाटलं तर तुम्ही दुसरा वकील लावा."

"मला न्हाई लागत वकील."

"मग हरकत कशी लिहिलीत?"

"शाळा शिकलीया मी. सातवीपत्तुर." मशीन थांबलं. "वकीलबाई, एक सांगा. मी तमाम लोक हाय का?"

"काय?"

"त्या पेपरात लिवलं व्हतं, तमाम लोकांस कळविन्यात येते. एका पोरीच्या झग्याचं माप घ्यायला कागद हवा व्हता म्हनून रद्दीतला पेपर पसरला, तर हे घर! माझं सीताफळ, माझी पडवी, समदं लांबी-रुंदीसकट. ज्या घरात म्या दोन पोरी वाढवल्या, दोघींच्या हळदी केल्या, त्याचं मला पेपरातनं कळावं? रस्त्यानं जानाऱ्या मानसाला कळतं तसं? आन् आप्पा महिन्यात तीनदा यिऊन गेलं. जेवलं, हसलं, बंडी घिऊन गेलं. आन् पोटात हे! मला कसं वाटलं असंल, सांगा तुम्हीच."

इवाबाईंकडं अशा वेळी सांगायला पुष्कळ असतं. उतारा, कलम, मालकाचा अधिकार. त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. अनसाबाईंचं तोंड रागानं लाल झालं होतं आणि डोळे भरले होते, आणि ती बाई खरं बोलत होती.

"चूक माझी आहे," इवाबाई म्हणाल्या. "नोटीस द्यायच्या आधी मी इथं यायला हवं होतं. मी नेहमी जाते. या वेळी घाई केली. मला माफ करा."

अठ्ठावीस वर्षांत या बाईंनी जज्जसाहेबांची माफी मागितली असेल नसेल, पण विरुद्ध बाजूची कधी मागितली नव्हती. जॉर्जला हे नंतर सांगितलं तेव्हा तो गुलाबाला पाणी घालायचा थांबला होता.

अनसाबाईंनी टेपेनंच डोळे पुसले. "तुमचा काय दोष न्हाई. आप्पांनी यावं. माझ्या तोंडावर सांगावं. मग बघते मी."

"आणि त्यांनी सांगितलं तर?"

"आधी सांगू तर द्या त्यांना."

चोवीस मार्चला जीप करून मंडळी आली. कस्तुराबाई हट्टानं आल्या होत्या. नवऱ्यानं चौथ्यांदा काय केलं असतं हे त्यांना बरोबर माहीत होतं. इवाबाई आधीच येऊन थांबल्या होत्या. त्यांनी सोपानरावांना दारातच गाठलं.

"आप्पा, बोलून होईपर्यंत तुम्ही तोंडात काही घालायचं नाही. पाणी प्या हवं तर."

सोपानराव आत येऊन बसले. स्टेशनावरून एक मालगाडी खडखडत गेली, ती जाईपर्यंत त्यांना बरं वाटलं. मग ते म्हणाले, यंदा ऊन लवकर तापलं. मग म्हणाले, आता गाड्यांचं टाइमटेबल पहिल्यासारखं राहिलं नाही. मग कांद्यावर आले. कांदा संपल्यावर कस्तुराबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"अनसाबाई," सोपानराव म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. "मला घर इकायचं हाय. म्हातारीचं गुडघं गेल्यात. तिला शिरूरला न्यायचं हाय. तुम्हाला सांगायला तीनदा आलो आन् जेवून गेलो. लाज वाटती मला. पर तुम्ही या वयात कुठं जाल, हाच इचार यायचा. तुम्ही हाईत म्हनून तर चार वर्सं झाली, घर इकायचं नाव काढलं न्हाई म्या."

अनसाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली. इवाबाईंना वाटलं, संपलं सगळं.

"आप्पा," शेवटी अनसाबाई म्हणाल्या, "माझी धाकटी दोन वर्सं झाली बोलावतीया मला दौंडाला. तिच्या घराम्होरं खोली हाय, पडवी हाय, मशीन मावतंय. ये म्हनती, रोज भांडती माझ्याशी."

"मग गेला का न्हाईत?"

"कशी जानार? घर बंद पडलं तर वाळवी लागंल, कौलं कोन शेकारनार, सीताफळाला पानी कोन घालनार? तुम्ही तिकडं न्हावऱ्याला. सव्वीस वर्सात एकदा भाडं वाढवलं न्हाईत. अशा मानसाचं घर वाऱ्यावर टाकून निघून जायचं? मला न्हाई ते पटलं. म्हनलं, आप्पा म्हनत न्हाईत तवर राखायचं."

सोपानरावांचं तोंड उघडंच राहिलं. पहिल्यांदा भानावर आल्या त्या कस्तुराबाई.

"थांबा, थांबा. म्हंजी ह्ये तुमच्यासाठी घर इकत नव्हतं?"

"व्हय."

"आन् तुम्ही ह्यांच्यासाठी घर सोडत नव्हता?"

"व्हय की."

"आन् तुम्हा दोघांच्या ह्या मानापानात दोन वर्सं माझं गुडघं झिजलं!" कस्तुराबाई कडाडल्या. "दोघांनी एक दिस तोंड उघडलं असतं तर मी आज शिरूरला लेकीच्या दारात भाजी निवडत बसले असते!"

आधी हसल्या अनसाबाई, पदर तोंडाला लावून. मग इवाबाई, आणि त्यांचं हसू पडवीत मावणारं नव्हतं. सोपानराव हसताहेत की रडताहेत ते कळेना, बहुधा दोन्ही चाललं होतं. त्यानंतर चहा झाला, आणि चहावर भागलं नाही. पिठलं शिजलं, भाकरी झाल्या, आणि इवाबाईंनी पाट मांडून घेऊन जेवताजेवताच कामाचं बोलून घेतलं. रॉनी-ब्लेसीला मे महिन्याच्या सुट्टीतच राहायला यायचं होतं, अनसाबाईंना शाळेच्या गणवेशाची कामं तोवर उरकायची होती. घर रिकामं करायला मेअखेर ठरली. ब्लेसीनं फोनवरच सांगितलं की सीताफळाला पाणी ती घालेल आणि पहिली फळं दौंडला पोचवेल.

"मग मी लिहून देते का हरकत माघारी घेतली म्हनून?" अनसाबाईंनी विचारलं.

"ते तर द्याच," इवाबाई म्हणाल्या. "पण तेवढ्यावर भागायचं नाही. खरेदीखतात दोन बाजू असतात. एक लिहून देणार, एक लिहून घेणार. या खतात मी तिसरी बाजू घालणार आहे. मान्यता देणार, अनसाबाई. तुम्ही मान्य म्हटल्याशिवाय हे घर विकलं जाणार नाही."

अनसाबाईंनी त्यावर नुसती मान हलवली आणि उठून इवाबाईंच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

हरकत माघारी घेतल्याचा कागद पोचताच बँकेनं कर्ज मोकळं केलं. एकोणतीस मार्चला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत, म्हणजे जिथं दस्त नोंदवतात तिथं, यात्रा भरल्यासारखी गर्दी होती. मार्च-अखेर, त्यात फोटो-अंगठ्याचं मशीन सारखं बंद पडत होतं. दुपारी दोनला सोपानरावांच्या नावाचा पुकारा झाला. कस्तुराबाई बाहेर जीपमध्ये बसून होत्या आणि दर पाच मिनिटांनी कोणाला तरी आत पाठवून विचारत होत्या, झालं का?

आत कारकून पानं चाळत होता. चाळता चाळता तो तिसऱ्या पानावर अडला.

"मॅडम, हे मधलं वाक्य काय आहे? नमुन्यात तर नसतं."

इवाबाईंनी चष्मा वर सरकवला. "वाचा."

कारकून वाचू लागला. "मान्यता देणार या सदर घरात सव्वीस वर्षे राहत असून, लिहून देणार यांचे घर म्हणून त्यांनी ते मायेने सांभाळले, याबद्दल लिहून देणार त्यांचे ऋणी आहेत." त्यानं मान वर केली. "याची कायद्याला काही गरज नाही, मॅडम."

"माहीत आहे. कायद्याचं काही बिघडतही नाही. राहू द्या."

सोपानरावांनी हे वाक्य आधी वाचलं होतं, पण मोठ्यानं ऐकल्यावर ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. कारकुनानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा अनसाबाईंकडं, आणि मागून एक खुर्ची ओढली.

"बसा मावशी. बसून सही करा."

अनसाबाई बसल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी आवरा आवरा म्हणत होतं. त्यांनी कान दिला नाही. टपोऱ्या अक्षरात, सरळ ओळीत, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं सगळं त्यांनी प्रत्येक पानावर लिहिलं. मग फोटो झाला, अंगठे झाले, शिक्के पडले. बाहेर जीपमधून कस्तुराबाईंचा आवाज आला, "अगं बाई, झालं!" कोणी जाऊन सांगितलं होतं कोणास ठाऊक.

सगळे बाहेर पडत होते तेव्हा अनसाबाई इवाबाईंपाशी थांबल्या.

"वकीलबाई, त्या तिसऱ्या पानाची एक झेरॉक्स द्याल का?"

"पूर्ण दस्ताची प्रत मिळेल तुम्हाला. त्यावर तुमचा हक्कच आहे."

"पूर्ण नको. तेवढंच पान द्या. बापाच्या घरात माझं नाव न्हवतं, नवऱ्याच्या न्हवतं. हितं आलं हाय." त्यांनी हाताच्या पंजानं डोळे पुसले आणि लगेच हसल्या. "लेकीला दाखवते. म्हनावं, बघ, दोन वर्सं काय नुसती बसून न्हवते."

इवाबाई स्वतः समोरच्या दुकानात गेल्या, त्या पानाची झेरॉक्स काढली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि अनसाबाईंच्या हातात दिली.